पुस्तक बाजूला ठेव, आधी मनगट बघ

वाचकांचे प्रश्न : शरीररचना आणि शरीरक्रियेचा अभ्यास

या वेळी आलेल्या प्रश्नांत नववी ते बारावीच्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच, जीवशास्त्रातला मानवी शरीराचा भाग. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं थोडी आखूड केलीत. नमनाला घडाभर तेल नको, सुरुवात करते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला बायोलॉजी आवडतं पण हाडांची आणि स्नायूंची नावं अजिबात लक्षात राहत नाहीत. रात्री बसून यादी पाठ करते, दहा-दहा वेळा लिहून काढते, आणि आठ दिवसांनी पाटी कोरी. २०६ हाडं कशी लक्षात ठेवायची? मैत्रिणी म्हणतात घोकण्याशिवाय इलाज नाही.

उत्तर : इलाज आहे. तू नावापासून सुरुवात करतेस आणि मग ते नाव चिकटवायला डोक्यात काहीच नसतं, म्हणून ते गळून पडतं. क्रम उलटा कर. आधी हात लावून बघ, मग ते काय काम करतं ते बघ, आणि नाव सगळ्यात शेवटी.

आत्ता हे वाचतेस ना, तर उजवा हात टेबलावर ठेव, कोपर टेकलेलं, तळहात वर. डाव्या हाताने उजव्या हाताचा मनगट ते कोपर हा भाग मधोमध पकड. आता उजवा तळहात हळूहळू पालथा कर. कोपराचं टोक जागचं हलत नाही पण अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्या हाडावरून फिरून तिरकं येतं, ते तुला डाव्या हाताच्या बोटांखाली स्पष्ट कळेल. जे जागेवर राहिलं ते अल्ना, जे फिरलं ते रेडियस. तिथे एकच जाड हाड का नाही, दोन का, याचं उत्तर पण तुला मिळालं, एकच असतं तर तळहात असा उलटा करता आलाच नसता. रेडियस म्हणजे लॅटिनमध्ये चाकाचा आरा. आता हे नाव विसरून दाखव!

मग तिथेच थांबू नकोस. तसाच हात पकडून ठेव आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकव, पियानो वाजवल्यासारखी. हालचाल बोटांत दिसते पण आत काहीतरी सरकतंय ते कोपराजवळ जाणवतं. कारण बोटांच्या आत हाडं हलवणारा एकही स्नायू नाही, थोडे छोटे स्नायू तळहातात आहेत आणि जोर लावणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात, तिथून दोरीसारखे टेंडन निघून मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची दोरी वर आणि हात खाली, तसं.

आता अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव आणि मनगट थोडं आत वाकव. मनगटाच्या मधोमध एक दोरी टरारून वर आली तर ती पामारिस लाँगस या स्नायूची. काही जणांना ती एका हाताला असते, काहींना दोन्ही हातांना नसते. माझ्या वर्गात एक मुलगा हे करून बघताना एकदम घाबरला होता, मॅडम माझ्यात काहीतरी कमी आहे म्हणून. काही कमी नाही, हा स्नायू नसला तरी पकडीच्या ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, म्हणून तर सर्जन दुसरीकडचं टेंडन तुटलं की बऱ्याचदा याचंच काढून तिथे लावतात. मला हा प्रयोग फार आवडतो कारण त्या पाच मिनिटांत मुलांना कळतं की पुस्तकातलं शरीर आणि आपलं शरीर हुबेहूब एकसारखं नसतं.

नावांचे अर्थ शोधायची सवय लाव. पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, मूळ अर्थ छोटी ताटली. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली, हात वर करताना गळ्याजवळच्या त्या हाडावर बोट ठेव, ते किल्लीसारखं स्वतःभोवती थोडं फिरतं. कॉक्लिया म्हणजे गोगलगाय, कानातल्या त्या भागाचा आकारच तसा वेटोळ्याचा. आणि मसल हा शब्दच छोटा उंदीर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून.

राहिला प्रश्न २०६ चा. एका हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७ हाडं, एका पावलात २६. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं मिळून १०६ झाली, म्हणजे अर्ध्याहून जास्त हाडं फक्त तिथेच आहेत, आणि डावी-उजवी बाजू सारखीच असल्यामुळे तुला त्यातली निम्मीच शिकायची आहेत. यादी इतकी मोठी वाटते तेवढी ती नाही.

आणि दहा वेळा लिहून काढणं बंद कर, त्यात हात दमतो आणि डोकं झोपतं. त्याऐवजी कोरा कागद घे, पुस्तक मिटून डायग्राम आठवून काढ, जेवढी आठवतात तेवढी नावं टाक, मग पुस्तक उघडून चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त कर. दुसऱ्या दिवशी परत, मग चार दिवसांनी परत. पहिला कागद लालेलाल होईल, होऊ दे. आठवायला जो त्रास होतो ना, त्यानेच ते पक्कं बसतं.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. हृदयाच्या धड्यात ती सारखी अडकते. डावं-उजवं उलटं करते, शुद्ध रक्त आणि अशुद्ध रक्त यात गोंधळते. मी स्वतः कॉमर्सचा, मला काही सांगता येत नाही. तिला कशी मदत करू?

उत्तर : तुम्ही तिला शिकवूच नका, तिला तुम्हाला शिकवू द्या, आणि जिथे कळलं नाही तिथे तिला थांबवून विचारा. कॉमर्सचे आहात हा इथे फायदाच आहे, कारण तुम्ही "म्हणजे काय" असं खरोखरच विचाराल.

डाव्या-उजव्याचा घोळ बहुतेकांचा होतो. चित्रातलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. चित्र कापून तिने स्वतःच्या छातीवर धरलं, तोंड पुढे करून, की प्रश्न मिटला. बाकी नावांचं म्हणाल तर कुठल्या पुस्तकात अलिंद-निलय असतं, कुठल्यात कर्णिका-जवनिका, कुठे सरळ एट्रियम-व्हेंट्रिकल, गोष्ट तीच, तिच्या पुस्तकातलं धरून चला.

शुद्ध-अशुद्ध हे शब्द मात्र मला खटकतात. त्या रक्तात घाण काही नसते, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो एवढंच. आणि चित्रात निळं दाखवतात म्हणून पुष्कळ मुलांना खरंच वाटतं की शिरांमधलं रक्त निळं असतं. ते गडद लाल असतं. कातडीतून शीर निळसर दिसते तो प्रकाशाचा खेळ.

गोंधळ सोडवायचा तर तिला एका लाल पेशीचा प्रवास सांगायला लावा. पायाच्या बोटातून निघाली, शिरेतून वर आली, उजव्या अलिंदात, उजव्या निलयात, तिथून फुप्फुसात, ऑक्सिजन घेऊन डाव्या अलिंदात, डाव्या निलयात, आणि महाधमनीतून परत शरीरभर. हे कागद न बघता एका दमात सांगता आलं पाहिजे. वाटेत तिला अडवा. फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीत तर ऑक्सिजन कमी आहे, मग तिला धमनी का म्हणायचं? कारण नाव ऑक्सिजनवरून नाहीच, हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. दुसरा प्रश्न, डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड का? उजव्याला शेजारच्या फुप्फुसात रक्त ढकलायचंय, डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत. जास्त दाब, जास्त स्नायू.

आणि हे तुमच्यासाठी, कारण यात हिशोब आहे. विल्यम हार्वी नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ साली पुस्तक काढून सांगितलं की रक्त शरीरात गोल फिरतं. त्याआधी शेकडो वर्षं समज असा होता की खाल्लेल्या अन्नातून यकृतात रक्त बनतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हार्वीने गणित मांडलं. आजच्या आकड्यांनी तेच करून बघा, हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर झाले, अर्ध्या तासाला दीडशे लिटर. अख्ख्या शरीरात रक्त आहे पाचेक लिटर. मग अर्ध्या तासात दीडशे लिटर बनणार कुठून आणि जाणार कुठे? म्हणजे तेच रक्त परत परत येतंय. जमा-खर्चाचा ताळा बसत नाही हे बघून एवढा मोठा शोध लागला. धमन्यांमधून शिरांमध्ये रक्त जातं कसं हे मात्र त्याला दिसलं नाही, १६५७ मध्ये तो गेला आणि चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाला मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या. मला दर वेळी वाटतं, आणखी चार वर्षं मिळायला हवी होती त्याला.

दोघांनी मिळून करायचा एक प्रयोग. तुमचा हात थोडा वेळ खाली सोडून ठेवा म्हणजे हाताच्या पालथ्या बाजूच्या शिरा फुगतील. मुलीला सांगा, एका शिरेवर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून धर आणि दुसऱ्या बोटाने तिथूनच मनगटाकडे शीर पुसत ने, मग दुसरं बोट उचल. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त मागे येत नाही कारण आत झडप आहे. आता पहिलं बोट उचल, खालून शीर टचकन भरते. हार्वीने अशाच पद्धतीने दंडाला पट्टी बांधून दाखवलं होतं. एखाद्या शिरेला तिथे झडप नसली तर नाही जमणार, दुसरी शीर घ्या.

प्रश्न : मोठं प्लास्टिकचं मॉडेल किंवा सांगाडा घरी घेऊ का? थ्रीडी अ‍ॅप चांगलं की पुस्तक?

उत्तर : सांगाडा नको. तुझ्याकडे एक आहे, तो चालतो-फिरतो. अ‍ॅप चांगलं, फक्त फिरवून-फिरवून बघत बसणं म्हणजे अभ्यास नाही, बघून झालं की ते बंद करून काढून बघ. शाळेत मॉडेल असेल तर मधल्या सुट्टीत मागून घे आणि डोळे मिटून हाताने ओळख.

प्रश्न : मला डॉक्टर व्हायचंय. पण प्रॅक्टिकलला रक्तगट तपासताना सुई बघूनच मला चक्कर आली आणि मी सगळ्यांसमोर खाली बसलो. मुलं हसली. आता वाटतं हे आपलं काम नाही. (बारावी)

उत्तर : त्या मुलांना तेव्हा काय घडतंय ते माहीत असतं तर ती हसली नसती. तुला सांगते. रक्त किंवा सुई बघून काही जणांच्या शरीरात एक प्रतिक्षिप्त क्रिया होते. व्हेगस नावाची नस हृदयाची गती एकदम कमी करते, त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साठतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. घाम, डोळ्यांपुढे अंधारी, कानात सूं असा आवाज, हे त्याचंच. यात भित्रेपणा नाही, ठरवून कोणी करत नाही आणि ठरवून थांबवता येत नाही.

पण उपाय आहे, आणि तो पण शरीरक्रियेतूनच आलाय. चाहूल लागली की मांड्या, पोटऱ्या, पोट आणि हात आवळून धर, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग सोड, थोड्या वेळाने परत. आवळलेले स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात आणि दाब उतरत नाही. तरी अंधारी आलीच तर सरळ आडवा हो, पाय थोडे उंच, उभं राहायचा हट्ट नको. पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना आधी सांगून ठेव आणि बसून कर. सवयीने हे पुष्कळांचं कमी होतं. रक्त-सुई काही नसताना, किंवा खेळताना-पळताना चक्कर येऊन पडत असशील तर मात्र डॉक्टरांना दाखव, ते वेगळं असू शकतं.

तुझं काम आहे की नाही हे त्या एका दुपारवरून ठरवू नकोस.

प्रश्न : डायग्रामला मला पूर्ण मार्क्स पडतात पण "कारण द्या" आणि "काय होईल जर" असे प्रश्न आले की डोक्यावरून जातात. पाठ तर सगळं आहे.

उत्तर : तुझी रचना पक्की आहे, क्रिया कच्ची आहे. रचना म्हणजे कुठे काय आहे, आणि क्रिया म्हणजे कशामुळे काय होतं. क्रिया ही साखळी आहे आणि तू कड्या सुट्या-सुट्या पाठ केल्यास.

किडनीचंच घे. पाठ केलं असशील की दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी दीडेक लिटर होते. इथे थांबून विचार करायचा होता. रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, आहे जेमतेम तीन लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो आणि ९९ टक्के परत आत घेतला जातो. एवढा उपद्व्याप कशाला? कारण नको असलेली एकेक गोष्ट शोधून बाहेर काढण्यापेक्षा सगळंच बाहेर ओतून हवं ते मोजून परत घेणं जास्त खात्रीचं, एखादा नवीन, अनोळखी पदार्थ रक्तात आला तरी परत घेण्याच्या यादीत तो नसला की आपोआप बाहेर जातो. खण आवरताना आपण हेच करतो की, सगळं जमिनीवर काढायचं आणि लागेल तेवढंच आत ठेवायचं.

आता बाण काढून लिही. खूप घाम गेला → रक्तातलं पाणी कमी, क्षार तुलनेने जास्त → मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळलं → पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच हे हार्मोन सुटलं → किडनीतल्या नलिकांनी जास्त पाणी परत घेतलं → लघवी कमी आणि गडद पिवळी. "काय होईल जर" म्हणजे परीक्षक यातला एक बाण तोडतो. एडीएच बनलंच नाही तर? पाणी परत येणार नाही, पाण्यासारखी भरपूर लघवी आणि सतत तहान. बघ, न शिकवलेलं उत्तर तू स्वतः काढलंस, आणि असा आजार खरोखर आहे. प्रत्येक धड्यात अशा दोन-तीनच साखळ्या असतात, त्या बाणांनी काढ, मग एकेक बाण खोडून पुढचं सांग.

प्रश्न : आम्ही नववीतल्या तिघी जणी लिहितोय. आमच्या बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिला. घरी विचारलं तर सगळे गप्प. मुलं मागे बसून हसतात. आम्हाला खरंच समजून घ्यायचंय.

उत्तर : तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हा धडा सोडला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अख्ख्या पुस्तकातला जो भाग या वयात स्वतःच्या अंगावर घडतोय तोच नेमका अंधारात राहतो, आणि मग मुलं-मुली तो कुठून कुठून ऐकून गोळा करतात.

हा धडा हृदयाच्या धड्यासारखाच वाचायचा, तेवढ्याच सरळ. पाळीचं चक्र म्हणजे पण एक साखळीच आहे. पिट्युटरीतून एफएसएच नावाचं हार्मोन येतं, अंडाशयात एक बीज वाढायला लागतं, त्यासोबत इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की पिट्युटरी एकदम एलएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि बीज बाहेर पडतं. मागे राहिलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन येतं, ते अस्तर टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही तर तो भाग साधारण दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर सुटून बाहेर येतं, ती पाळी. त्यात अशुद्ध काही नाही, ते रक्त आणि अस्तर आहे, तुमच्याच शरीराने बनवलेलं. २८ दिवस ही सरासरी झाली. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर पडू शकतं. तीन महिने आलीच नाही, किंवा इतकं दुखतं की शाळा बुडते, इतकं जातं की दर तासाला पॅड बदलावं लागतं, तर डॉक्टरांकडे जायचं, सहन करत बसायचं नाही.

मुलांच्या शरीराचा भाग पण वाचा आणि मुलांनी तुमचा वाचावा. पिट्युटरीची तीच दोन हार्मोन्स, एफएसएच आणि एलएच, मुलांमध्ये पण काम करतात, हे कळलं की मागच्या बाकावरचं हसू निम्मं आपोआप कमी होतं. मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांकडून एक्स आला की वाय यावर ठरतं, कारण आईकडे द्यायला फक्त एक्सच असतो. एवढं एक वाक्य नीट न शिकवल्यामुळे किती बायकांना आयुष्यभर बोल लागले.

बाईंकडे तिघी मिळून जा, वर्गात नको, स्टाफरूममध्ये. "आम्हाला चक्राचा डायग्राम समजला नाही, समजावाल का" असं विचारा. ठरलेला प्रश्न घेऊन कोणी आलं की शिक्षकांचाही अवघडलेपणा सुटतो. तरी जमलं नाही तर डायग्राम काढून मला पाठवा, चुकलेलं मी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवते.

प्रश्न : श्वास रोखून धरला की थोड्या वेळाने गुदमरतं ते ऑक्सिजन संपल्यामुळे ना? मित्र म्हणतो नाही. पैज लागलीये. (नववी)

उत्तर : मित्र जिंकला. ती तडफड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र त्यावर लक्ष ठेवून असतं. ऑक्सिजन त्या वेळी बऱ्यापैकी शिल्लक असतो.

आणि म्हणूनच एक गोष्ट दोघांनीही कधी करायची नाही. पाण्याखाली जास्त वेळ राहायचं म्हणून आधी भराभर मोठे श्वास घेऊन बुडी मारायची, हे अजिबात नाही. भराभर श्वासाने ऑक्सिजन फारसा वाढत नाही पण कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मग आतून इशारा येतच नाही, आणि माणूस गुदमरल्यासारखं न वाटता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे असे गेलेत. पुढची पैज श्वासाची लावू नका, बसून, जिना चढून आणि परत पाच मिनिटांनी नाडी मोजा आणि कोणाची लवकर जागेवर येते ते बघा.